उतार

वर गोठा, गोठ्याखाली उकिरडा,
उकिरड्याखाली ओहोळ,
ओहोळाच्या काठाला विहीर.
हा क्रम आजेसासऱ्यानं लावलेला,
शेणाची पाटी उताराला नेणं सोपं म्हणून.
त्याच वाटेनं पाणीही जातं,
हे त्याला कुणी विचारलं नाही.

वाहत्या पाण्याला विटाळ नसतो
असं मीच दोन सुनांना सांगितलं.

रंगपंचमी झाल्यावर रेवती गभाले आली,
ग्रामपंचायतीची, पाणी तपासणारी.
बोटाएवढ्या बाटलीत तिनं विहीर भरली,
बूच लावलं, वर लिहिलं: मेंगाळवाडी,
आणि बाटली माझ्याच फडताळात ठेवली
मिठाच्या बरणीशेजारी.
दोन दिवस हात लावू नका, म्हणाली.

पहिल्या दिवशी पाणी पाण्यासारखं.
दुसऱ्या दिवशी पहाटे
चहाला साखर काढायला गेले,
तर बाटलीत अमावस्या.

मी तिच्यावर फडकं टाकलं.
का टाकलं, ते आजही सांगता येत नाही.

रेवतीनं फडकं उचललं. बोलली काहीच नाही.
फक्त विचारलं, गुलाल उरलाय का घरात?
बादलीभर पाण्यात कालवला,
उकिरड्याच्या माथ्यावर ओतला.
लाल रेघ निघाली, आधी भित्री,
मग बहाळीच्या खुरांच्या खड्ड्यांतून,
रुईच्या बुडाला वळसा घालून,
ओळखीच्या घरी निघाल्यासारखी
विहिरीच्या दगडांत शिरली.
धाकटी सून कडेवरच्या पोराकडं बघत राहिली.
पावसाळाभर त्याचं पोट दुखायचं,
आणि आम्ही दृष्ट काढायचो.

वाळिबा म्हणाला, शेण काय वाईट असतं?
शेणानं तर घर सारवतो आपण.
मी म्हटलं, सारवतो. पीत नाही.

मग वैशाखभर घरात शांतता नव्हती.
उकिरडा उचलून कातळापलीकडच्या माळावर नेला,
एकशे चाळीस पाट्या, मी मोजल्या.
खाली दगडाचा आडबंध,
गोठ्याच्या वरच्या अंगाला चर,
म्हणजे डोंगराचं पाणी
गोठा न विटाळता बाजूनं जाईल.
पत्र्याला पन्हळ. मुताला नाली, नालीला खड्डा.
ओहोळाच्या काठानं सहा हात रुंद पट्टा सोडला,
त्यात वाळ्याचे ठोंब लावले,
आणि करवंदीच्या काट्यांचं कुंपण.
गुरांना डोणी इकडंच बांधली.

बहाळीला हे काही पटलं नाही.
दुपारी डोणी भरलेली असते,
ती मात्र कुंपणाशी उभी राहते,
पलीकडं पाण्यात
पोटापर्यंत बुडायची जागा बघत.
तिच्या आईला मी त्याच जागी धुवायचे.
मी तिच्या पाठीवर दोन कळशा ओतते.
तेवढ्यानं भागत नाही, ते दोघींना कळतं.

भात आवणून झालं, रेवती पुन्हा आली.
पुन्हा बाटली, पुन्हा मिठाची बरणी.
या वेळी फडकं टाकलं नाही.
रात्री दोनदा उठून बॅटरी मारली.
पहिला दिवस गेला. दुसरा गेला.
तिसऱ्या दिवशी, उशिरा, संध्याकाळकडं,
बुडाशी काजळाचं बोट फिरवावं तेवढं
काळं धरलं.

वाळिबा उंबऱ्यावरून म्हणाला, झालं?
एकशे चाळीस पाट्यांचं हेच का?

मी बाटली उजेडाला धरली.
मग तिच्याआडून वर पाहिलं.
ओहोळ आमच्या दारात जन्मत नाही.
वर भलेवाडी, तिच्यावर खडकवाडी,
आणि प्रत्येकीचा एक आजेसासरा,
शेणाची पाटी सोप्या अंगाला नेणारा.
खालीही असेल कुणी
आमच्या गोठ्याकडं बोट दाखवणारं,
इतकी वर्षं, न बोलता.

पुडीत मूठभर गुलाल होता.
पदराच्या टोकाला बांधला
आणि चढ धरला.