अंगठा

आरी निसटली ती रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला.
तिला चुकवायला हात झटकला
आणि ऐरणीच्या कडेवर अंगठा मागं वळला.
टोचलं थोडंच. मुरगळलं मात्र नीट.
दिवेलागणीपर्यंत उजवा अंगठा
दुसऱ्याच कुणाचा तरी, जाडजूड,
माझ्या हाताला शिवल्यासारखा.

सुभाषनगरच्या कोपऱ्यावर मगदूमांचं मेडिकल.
काचेवर एकीकडं ट्यूब, एकीकडं गोळ्यांची पट्टी ठेवून
मगदूम म्हणाले, "जागेवर दुखतंय न्हवं वहिनी,
मग आधी जागेवरच लावून बघा.
गोळी घेणार असाल तर जेवून घ्या.
आणि मला न विचारता दोन्ही एकदम नको."
मग अंगठा उजेडात धरून,
"हितं कातडी फुटलीया. त्यावर नाही लावायचं. कडेकडेनं."

मी दोन्हीकडं बघत राहिले,
चप्पल लाईनीत गिऱ्हाईक बघतं तशी :
घ्यायचं एकच, हात लावायचा सगळ्याला.

गोळीचं मला पटतं, एका अर्थी.
गिळली की विसरली. हात कोरडा, मोकळा.
मलमाचं बोट चामड्याला लागलं की डाग,
आणि मेलेलं कातडं काही विसरत नाही.
पण गोळीला पत्ता ठाऊक नसतो.
एका अंगठ्यासाठी ती सगळं घर पालथं घालते,
वाटेत पोटाशी भांडते.
मागं दाढेसाठी घेतल्या होत्या,
चार दिवस भाकरी खाली उतरली नव्हती.
मलम दारातच बसतं.
ज्याचं दुखतं त्याच्याशीच बोलतं.

मालन जाऊबाई म्हणाल्या, "गोळी घे आणि बस कामाला.
शनिवारी लग्नाचे बारा जोड द्यायचेत."
सुमेध म्हणाला, "आमचा स्प्रे मारू का, मॅचमधला?
फुस्स केलं की पोरगं परत पळतंय."
पळतंय खरं.
रात्री त्याचा पाय त्याची आई बघते.

ट्यूब घेतली.

डाव्यानं उजव्याचं कधी काही केलं नव्हतं.
तो धरणारा हात. वादी धरायची, पट्टा धरायचा,
उजवा सात पदरी वेणी घालील ती बघत बसायचं.
त्यानं त्या रात्री वाटाण्याएवढं मलम घेतलं,
नखाजवळची जखम टाळली,
आणि सांध्याभोवती असा फिरला, भीत भीत,
की परक्याच्या घरात पाणी मागावं.
तेवीस वर्षं एका पाटावर बसून
दोघांची नीट ओळख आत्ता होत होती.

हिरड्या-बाभळीच्या आमच्या वासात
तो थंड, तिखट वास घुसला.
मालन नाक धरून म्हणाल्या, "दवाखाना केलास घराचा."
पण दोन दिवस वेण्या त्यांनीच घातल्या.
जरा ढिल्या घालतात. मी काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सूज अर्ध्यावर.
साबणानं दोनदा हात धुतले, फडक्यानं पुसले,
तरी एका पट्ट्याला आतून पुसट बोट उमटलंच.
आतल्या बाजूला आहे. घालणाऱ्याला दिसायचं नाही.

चपलेलाही अंगठा असतो,
पायाचा अंगठा अडकवायची ती गोल वादी.
बारा जोडांतला पहिला अंगठा मीच बसवला,
सावकाश, दात आवळून.
मालन म्हणाल्या, "सैल झालाय गं."
म्हटलं, राहू दे.
लग्नात दिवसभर उभं राहून
पाय सुजतात माणसाचे.