ढील

एकोणीस वर्षं मी काचेला जवळून ओळखत होतो.
कावळा नाक्याकडची पाच मजली पतसंस्था.
पूर्वेची बाजू सकाळी आठलाच तापायची,
साबण पुसायच्या आत वाळायचा,
म्हणून सुरुवात पश्चिमेकडून.
माझ्या कमरेला दोर,
दोराच्या वरच्या टोकाला रज्जाक बागवान,
गच्चीत, पाण्याच्या टाकीला पाय लावून बसलेला.
मी ओरडायचो, ‘ढील!’
तो वीतभर सोडायचा.
हातभर कधीच नाही.

बादली, रबरी पट्टी,
खिशात अर्धं ब्लेड, रंगाच्या थेंबांसाठी,
आणि शेवटी जुन्या लुंगीचा फडका,
जिथं पट्टी पोचत नाही त्या कोपऱ्यांना.
मग मान तिरकी करून बघायचं.
समोरून विचारलं तर काच खरं सांगत नाही.

चौथ्या मजल्यावर वसुलीच्या टेबलाशी शेंडुरे मॅडम.
काचेवर वाफ धरून, बोटानं, उलटी अक्षरं लिहायला
त्या शिकल्या होत्या,
मला बाहेरून सुलटी दिसावीत म्हणून.
‘चहा?’
एकदा, ‘खाली बघू नका.’
एकदा नुसतं, ‘नात झाली.’
मी बाहेरून कितीही पुसलं
तरी ते आत तसंच राहायचं,
वाफ विरेपर्यंत.

यंदा ठेकेदारानं छोट्या हत्तीवर टाकी बसवली.
पंप, तीन नळकांडी,
आणि चाळीस फुटी काठी, कार्बनची,
मिटली की माणसाएवढी.
टोकाला ब्रश, ब्रशातूनच पाणी.
पाणीसुद्धा साधं नाही.
बोअरचं पाणी नळकांड्यात शिरतं
आणि चुना, क्षार, जमिनीची सगळी ओळख
मागं ठेवून बाहेर पडतं.
ठेकेदाराच्या जावयानं मीटर बुडवून दाखवला,
आधी सहाशे चाळीस, नंतर शून्य.
‘पुसायचं नाही. आपोआप वाळू दे. डाग पडतच नाही.’
रज्जाकनं ओंजळभर तोंडात घोळवलं, थुंकलं.
‘ह्येला कशाचीच चव न्हाई लेका.
आजाऱ्याच्या पेजंला तरी असती.’

पहिल्या दिवशी खिशातला फडका
मी दोनदा बाहेर काढला.
वर थेंब ओघळत होते.
ओली काच सोडून पुढं जायचं
म्हणजे भरल्या पानावरून उठायचं.
अर्ध्या तासानं उन्हात उभं राहून मान तिरकी केली.
एक डाग नव्हता.
खरं सांगतो, थोडा राग आला.

पूर्वी खांदा दुखायचा, आता मान.
बायको म्हणते, दुखू दे,
संध्याकाळी आमटीत मीठ दोनदा पडत नाही आता.
आणि शिवाप्पा लोहार.
शाहूपुरीत, गच्चीच्या काठावर घासून
त्याचा दोर तुटला होता.
काठीला नावं ठेवायची असली की मी
त्याच्या घरावरून जात नाही,
लांबच्या रस्त्यानं जातो.

चौथ्या मजल्यावर आता ब्रश जातो.
खालून काच म्हणजे आभाळाचा चौकोन,
आत कोण आहे ते कळत नाही.
गेल्या गुरुवारी त्या चौकोनात काहीतरी होतं,
पुसटसं. अक्षरं असतील.
मी काठी थांबवली.
पाणी वाहत राहिलं.
इतक्या स्वच्छ काचेतून
मला वाचता आलं नाही.

रज्जाक आता पाइप सांभाळतो.
रिक्षाच्या चाकाखाली येऊ नये,
कुणाच्या पायात अडकू नये.
काम जमिनीवरचं,
पण पाइपचा एक वेढा तो कमरेला घालतोच,
पाय फुटपाथच्या दगडाला लावतो,
आणि मी दोन पावलं मागं सरकलो
की वर, भिंतीकडं बघत विचारतो,
‘ढील दिऊ?’

दे, म्हणतो मी.
तो वीतभर सोडतो.