शिला क्रमांक चौदा

दर दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या पडवीत
आमचं इतिहास मंडळ भरतं: पाच माणसं, एक टेप,
अन् चहा येईस्तोवर न उघडणारं रजिस्टर.

यावेळी टेकाडावरचं शिलावर्तुळ.
तुरीतून वाट काढत पुढं डोमाजी येरणे;
बत्तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली,
दगडही तो तसेच मोजतो,
एकेकाच्या खांद्याला हात लावून.
जुन्या नकाशात सव्वीस. भरले पंचवीस.

चौदावा कुठं गेला?
मडावीबाई म्हणाल्या, रस्त्याखाली.
गुरुजींचा संशय गुप्तधनवाल्यांवर.
डोमाजी चपलेतला गोखरू काढत बसला,
निघाला तरी बसूनच राहिला.
"लिहा," म्हणाला, "माह्या घरी हाये.
बापानं बंडीत टाकला. बैल म्या हाकलले."

मोरीपाशी, फेसानं ओला, मधोमध खोलगट:
तीन हजार वर्षांच्या पावसानं झिजला नाही
तेवढा साठ वर्षांच्या लुगड्यांनी.
अंजनाबाई बादली घेऊन उभ्या,
"मोजून झालं असन त सरका."

परत न्यायचं कुणी बोललं नाही.
मडावीबाईंनी रजिस्टर मांडीवर घेतलं.
शिला क्रमांक चौदा. लांबी अडीच फूट. स्थिती:
इथं पेन जरा थांबलं.
वापरात.