पाणी मुरतंय

वादी कबीर, गॅरेजांची गल्ली, ऑगस्ट.
सकाळी सातलाच शटरच्या पत्र्यावरून थेंब ओघळतायत.
पाऊस नव्हे,
समुद्रच येऊन हवेत उभा राहिलाय.

नासिर बिन हमूदची मर्सिडीज जॅकवर.
सदुसष्टची, सायीच्या रंगाची,
त्याच्या वडलांनी बहरीनहून लाँचवर चढवून आणलेली.
टाकीचं झाकण काढून बोट बुडवलं.
सगळे ऑइल म्हणतात, पण ऑइल नव्हे ते.
नवं असतं तेव्हा पातळ मधासारखं,
हे तर रात्रभर राहिलेल्या कोऱ्या चहासारखं.

“गळत नाही, कमी होत नाही,
मग बदलायचं कशाला?”
मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
मग माझं मलाच हसू आलं,
अरबीत ते नुसतं पाणी झालं,
मुरणं माझ्याकडेच राहिलं.

रबरी नळीतून, झाकणाच्या आट्यांतून,
हवेतलं पाणी हे गुपचूप पीत राहतं.
सपाट रस्त्यावर काही कळत नाही.
कळतं कंतबच्या उतारावर,
चाकापाशी आच चढते, आतलं पाणी उकळतं,
पेडल दाबावं तर पाय थेट जमिनीला.
खाली समुद्र. सुंदर दिसतो म्हणतात.

नासिरने डबा पुढे केला.
जांभळं सिलिकॉन, मुलाने लंडनहून पाठवलेलं.
“याला पाणी शिवत नाही.
रंगावर सांडलं तरी डाग नाही.
एकदा घाल आणि विसरून जा.”

खरं आहे, शिवत नाही.
पण म्हणून पाणी यायचं थांबत नाही.
ते येतं. आत कुणी घेत नाही.
मग सगळ्यात खालच्या वाकणावर जाऊन बसतं
एकटंच,
आणि लोखंड खातं.

डॉट फोरचा नवा डबा फोडला. सील माझ्या हाताने.
नासिर जांभळा डबा मांडीवर घेऊन बसला,
रुसला नाही, पण चहा नको म्हणाला.

सगळ्यात लांबचं चाक आधी, मागचं उजवं.
लांबच्याची हवा आधी काढायची.
शफीउल सीटवर, मी खाली पाठीवर,
नळीचं टोक विम्टोच्या बाटलीत.
दाब.
धर.
पाना पाव फेरा. काळं येतं, बुडबुडे येतात.
बंद. सोड.
दाब. धर. बंद. सोड.
मध्येच एक थेंब मडगार्डवर.
“पानी मार, पानी!”
रंग सोलून काढतं हे;
जे याला नासवतं
त्याच पाण्याने निवतं.

चौथं चाक. आता पिवळं, स्वच्छ.
हा धंदा मला अब्बासमामू हुनेरकरांनी शिकवला.
अडतीस वर्षं मस्कतला, घर दाभोळला.
म्हणायचे, मुरू दे रे,
मुरलेलं दोन वर्षांनी काढून टाकता येतं,
साचलेल्याचा ठाव लागत नाही.
दर दोन वर्षांनी जायचे.
मध्ये एकदा आठ वर्षं गेले नाहीत.
का, ते कुणाला बोलले नाहीत.
त्या खेपेचं एवढंच सांगायचे,
धाकटीने पाणी आणून दिलं
काचेच्या ग्लासात,
खाली बशी धरून.

पाना हातातच. नळीत एकही बुडबुडा नाही.
किती वेळ बघत होतो कोण जाणे.

“भाई, छोडूँ?”

शफीउलचा पाय केव्हाचा दाबून धरलेला,
मांडी थरथरतेय,
घाम टाचेवरून रबरी मॅटवर.
नोआखालीचा पोरगा, एकोणीस वर्षांचा,
सांगितल्याशिवाय सोडत नाही.

मी सोड म्हणायचंच विसरलो होतो.