रीडिंग

दर महिन्याच्या सात तारखेला मी मार्व्याहून तरीत बसतो,
खांद्याला कंपनीची पिशवी, पिशवीत यंत्र.
मनोरीत माझे एकशे बारा मीटर.
एकशे अकरा नुसते खातात.

उरलेला कॉस्माबाईंचा.
तिथे आकडे दोन : घेतलेली वीज, दिलेली वीज.
दुसरा बहुतेक वेळा मोठा.

वाडीच्या चार गुंठ्यांवर दहा फुटी खांब,
खांबांवर निळ्या काचा, मधे मधे फटी सोडलेल्या,
खाली अळू, पुदिना, कोथिंबीर
आणि उन्हाच्या पट्ट्या,
ज्या सकाळपासून वाफ्यावाफ्यावरून सरकत जातात
घरपट्टी वसूल करणाऱ्यासारख्या, एकही दार न चुकवता.

"भाव बोलला, लोखंड कशाला रोवतंस, रिसॉर्टवाल्याला देऊन टाक.
शेजारीण बोलली, सावलीत काय होते? बुरशी."
बोलता बोलता त्या काचा धूत असतात.
समुद्राचं खारं बसतं ना.
पहिलं पाणी बाहेर चरात,
दुसरं, गोडं, पन्हाळीतून अळवाच्या मुळाशी.

मग हात पुसून वही.
मे महिन्यात सगळ्यांची कोथिंबीर करपली,
बोरिवलीला जुडी चाळिसावर गेली,
तेव्हा यांची हिरवी होती.
त्या एका महिन्यात चार हप्ते फिटले.
पंपाचं बिल संपलं. पाणी दिवसाआड पुरतं.
पावसाळ्यात काचा आळसावतात, तेव्हा अळू कमावतं.
"दोघं एकदम आजारी पडत नाय," त्या म्हणतात,
"इनास होता तवा आम्ही पण असंच भागवलं."

वांगी मात्र फसली.
तिसऱ्या रांगेखाली फुलच धरेना.
वहीत त्यांच्यावर काट आहे,
आणि काटेखाली बारीक अक्षरात : हळद. बघू.

मी आकडा टिपतो. दिलेले, अकराशे चाळीस.
त्या एक जुडी पिशवीत कोंबतात,
नको म्हटलं तरी, यंत्राच्या अंगावरच.

परतताना तरीत शेजारचा माणूस
मान वळवून हुंगतो. विचारतो, कुठून घेतली?
मी पडद्याकडे बघतो :
घेतलेले, दिलेले, थकबाकी, शेरा.
सावलीला रकाना नाही. वासालाही नाही.
शेऱ्यात लिहितो, मीटर सुरळीत.
पिशवीचा तळ ओला होत चाललाय.