गुरुवारी, चॅपलच्या तळघरात

इडवल डब्यांवरच्या तारखा वाचतो
भिंग लावून, वेल्श बायबल वाचावं तसा.
वाटाणे. सार्डिन. वाटाणे.
छपरातून ऑर्गनवर पाणी गळू लागलं
तेव्हापासून प्रार्थना वरती, कोट घालून;
हीटर मात्र इथं खाली.
असं ठरलं सभेत, सहा विरुद्ध पाच.

दारापाशी कुणी नाव विचारत नाही.
नेरिस एवढंच विचारते,
"घरी शेगडी पेटते ना?"
मीटरमध्ये पैसे नसले
तर तांदूळ काय कच्चे खायचे?

आज रांगेत तो पोरगा,
ज्यानं छपराचं शिसं पळवलं.
इडवलनं ओळखलं.
भिंग खिशात टाकलं,
सार्डिनचा एक डबा जास्तीचा सरकवला,
म्हणाला,
"वर अजून गळतंय रे.
शनिवारी शिडी धरायला ये."