चार बोटं ढील

आडगाव नाक्याच्या पुढे, टर्मिनलच्या भिंतीला लागून
याकूब मिस्त्री गाडीखाली सरकतो,
पाठीखाली कांद्याचं पोतं, बॅटरी दातांत.
वर बसून मी स्टेअरिंग हलवायचं,
जरा डावीकडं, जरा उजवीकडं, परत.
"फिरवू नको भागूजी, नुसतं चाळव."

खालून बराच वेळ काहीच नाही.
एका कानानं त्याला कमी येतं,
सांध्यावर पंजा ठेवून तो बोटांनी ऐकतो.

मग मला खाली बोलावलं.
दांडा हलतो, चाक हलत नाही.
दोघांच्या मधे एक टक् आहे,
तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही.
रबराची टोपी फाटलेली, ग्रीसच्या जागी
चांदवडच्या घाटातला काळा लगदा.
"ड्रॅगलिंक संपली. टायरॉडचे एंडही.
कधीपासून?"
म्हटलं, महिना झाला असेल.

मागच्या द्राक्षांपासून.
चार बोटं चाक फुकट जातं
आणि माझे हात ती चार बोटं आधीच फिरवून ठेवतात,
कसाऱ्याच्या उतारावरसुद्धा.
घरी बायको म्हणते,
जेवताना ताट का सरकवता हो डावीकडं?

अर्शद हातोडा उचलतो.
"नटावर नाही रे, कानशिलावर मार!"
तिसऱ्या घावाला सांधा सुटला.
जुना एंड काढताना आटे मोजायचे,
नवा तेवढेच आटे बसवायचा.
नेमका पिंपळगावहून एजंटचा फोन,
तीनशे क्रेट टोमॅटो, रात्री वाशी.
सोळा झाले की सतरा?
अर्शद माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं.
याकूब शिवी देतो
आणि दोन्ही चाकांना सुतळी लावून
पुढून मोजतो, मागून मोजतो.
पाऊण तास गेला एका आट्यात.

नवी कॉटर पिन. ग्रीस.
जुना गोळा मी तळहातावर घेतला,
एका बाजूनं चपटा, आरशासारखा गुळगुळीत.

जत्राच्या चौकापर्यंत फेरी मारायला निघालो
तर पहिल्याच वळणाला
गाडी उसाच्या रसवाल्याच्या छत्रीकडं झेपावली.
चाकानं लगेच ऐकलं होतं.
चार बोटं माझीच जास्तीची.

परत आलो. याकूब हात धूत होता, रॉकेलनं.
काही विचारलं नाही, छत्री बहुतेक इथूनच दिसते.
"आज माल भरू नको.
गाडी झाली. हात व्हायचेत अजून."

खिशात फोन वाजतोय.
मी रिकामी गाडी घेऊन
पुन्हा त्याच वळणाकडं.